पांढरा म्हणजे किती पांढरा?

वाचन पुस्तिका, पातळी ४, पाठ ११

वाचण्याआधी

सकाळी खिडकीजवळ एक छोटा आरसा घेऊन बसा. ओठ बाजूला करा आणि वरचे समोरचे दोन दात नीट बघा. त्यांचा रंग कोणता? 'पांढरा' हे उत्तर चालणार नाही. दुसरा एखादा मराठी शब्द शोधा आणि वहीत लिहून ठेवा. पाठाच्या शेवटी तो आपल्याला लागणार आहे.

काही शब्द आधी ओळखून घेऊ.

पटाशीचे दात : समोरचे चपटे दात. पटाशी हे सुताराचे लाकूड तासायचे हत्यार. त्याचे टोक असेच सरळ आणि धारदार असते.
सुळा : पटाशीच्या दातांच्या शेजारचा टोकदार दात. अनेकवचन 'सुळे'.
हिरडी : दात जिच्यातून बाहेर येतात ती गुलाबी जागा.
छटा : एकाच रंगाचा थोडा वेगळा प्रकार.
उजळ : ज्याच्यावरून जास्त प्रकाश परत येतो असा. 'गडद'च्या उलट.
बेमालूम : केलेले काम कोणाच्या लक्षात येणार नाही असे.

पाठ

तुम्ही मला शनिवारची मराठीची शिक्षिका म्हणून ओळखता. सोमवार ते शुक्रवार मी लंडनच्या पश्चिमेला एका छोट्या दवाखान्यात लोकांचे दात दुरुस्त करते. हा पाठ मी केलेल्या एका चुकीबद्दल आहे.

डिसेंबर महिना होता. तेरा वर्षांच्या एका मुलीला शाळेत हॉकी खेळताना स्टिक लागली आणि तिच्या वरच्या उजव्या पटाशीच्या दाताचा कोपरा तुटला. टवका उडाला एवढेच नाही, जवळजवळ पाव दात गेला. तुटलेला तुकडा मैदानावरच्या गवतात हरवला. (असा तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून लगेच डॉक्टरकडे न्यावा. कधीकधी तोच परत चिकटवता येतो, आणि मग रंग जुळवायची कटकटच राहत नाही.) नशिबाने दाताच्या आतल्या नसेला धक्का लागला नव्हता.

आई तिला घेऊन आली तेव्हा चार वाजून गेले होते. डिसेंबरमध्ये इथे चारला अंधार पडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलगी घाबरलेली, आई तिच्याहून जास्त घाबरलेली. मी घाईघाईने कामाला लागले. थुंकी दातापर्यंत येऊ नये म्हणून भोवती रबराचा पातळ पडदा लावला. त्याला रबर डॅम म्हणतात. हवेने दात कोरडा केला. मग दिव्याखाली शेड गाइड धरले. शेड गाइड म्हणजे खोट्या दातांची एक माळच असते. आम्ही वापरतो त्यात १६ दात असतात, ए-१ पासून डी-४ पर्यंत. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी तांबूस-पिवळी, सी राखाडी, डी तांबूस-राखाडी. पुढचा आकडा वाढतो तसा रंग दाट होत जातो. मला बी-१ जुळतो असे वाटले. तो त्या माळेतला सगळ्यात उजळ.

त्याच रंगाचे कॉम्पोझिट घेऊन मी कोपरा पुन्हा बांधला. पडदा काढला, मुलीला आरसा दिला. जोड दिसत नव्हता. आई खूश, मुलगी खूश, मीही खूश.

चार दिवसांनी तिघीजणी आल्या. आई, मुलगी, आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आजी. मुलगी तोंडावर हात ठेवूनच बोलत होती. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात तिने गाणी म्हणताना तोंड उघडलेच नाही, असे आईने सांगितले. "नुसते ओठ हलवत होती," आई म्हणाली.

मी काही बोलायच्या आत आजी पुढे झाल्या.

"रागावू नका हं डॉक्टर. पण हा दात पांढराफटक दिसतोय बघा. चुना लावल्यासारखा. बाकीचे कसे दुधी आहेत! आणि वर हिरडीपाशी जरासे पिवळसर. खाली कडेला तर निळसर झाक आहे. हो की नाही गं?"

दातांचे शिक्षण घेण्यात माझी पाच वर्षे गेली. त्यात जे शिकले, ते आजींनी चष्मा नाकावर सरकवून अर्ध्या मिनिटात सांगितले. माझा दात जास्त उजळ होता आणि सगळीकडे एकाच रंगाचा होता. खरा दात तसा नसतो.

भाषेकडे बघू

आजींचे शब्द पुन्हा वाचा. 'पिवळसर' आणि 'निळसर' यांतला '-सर' म्हणजे थोडासा, त्या रंगाकडे झुकणारा. लालसर, काळसर. हा '-सर' चवीलाही लागतो: गोडसर, आंबटसर. '-ट' किंवा '-पट' लावले की मात्र बोलणाऱ्याला तो रंग फारसा आवडलेला नाही असे बहुतेक वेळा कळते. भिंत पिवळसर असेल तर ठीक आहे, पिवळट असेल तर रंगारी बोलवा. काळपट, हिरवट, मळकट हे त्याच जातीचे.

रंग पुरेपूर आहे असे सांगायचे तर जोडशब्द येतात: लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट. पांढऱ्याचे दोन आहेत आणि ते अजिबात सारखे नाहीत. 'पांढराशुभ्र' हे कौतुक आहे: पांढरेशुभ्र धोतर, पांढरीशुभ्र जाईची फुले. 'पांढराफटक' म्हणजे ज्यातला जीव गेला आहे असा पांढरा. भीतीने माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. आजींनी 'पांढराशुभ्र' म्हटले नाही, याकडे माझे लगेच लक्ष गेले.

लिंग बदलले तरी 'पिवळसर' तसाच राहतो: पिवळसर दात, पिवळसर भिंत, पिवळसर पान. 'पांढरा' मात्र बदलतो: पांढरा दात, पांढरी भिंत, पांढरे पान.

आणि हो, 'चुना लावणे' याचा मराठीत दुसरा अर्थ फसवणे असा आहे. आजींना तो अर्थ अभिप्रेत नसावा. मी विचारले नाही.

दाताला रंग कुठून येतो?

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातली ही सगळ्यात कठीण वस्तू आहे. पण ते पांढऱ्या रंगासारखे अपारदर्शक नसते. दुधी काचेतून जसा दिव्याचा उजेड दिसतो, तसा इनॅमलमधून आतला थर दिसतो. हा आतला थर म्हणजे डेंटिन, आणि तो पिवळसर असतो. दाताचा रंग मुख्यतः त्याच्यामुळे येतो. हिरडीजवळ इनॅमल पातळ असते, म्हणून तिथे दात जास्त पिवळा दिसतो. टोकाशी डेंटिन जवळजवळ नसतेच, नुसते इनॅमल असते. त्यामुळे तिथे निळसर, काचेसारखी कड दिसते. लहान वयात ही कड स्पष्ट असते. पुढे दात झिजतात, ती कडही झिजते, आणि डेंटिन दाट होत जाते. म्हणून आजोबांचे दात तुमच्यापेक्षा पिवळे असतात. ते दात घासत नाहीत असे समजू नका. सुळेही शेजारच्या दातांपेक्षा जरा गडद असतात, सगळ्यांचेच.

म्हणजे एकाच दातात तीन-चार रंग असतात. मी त्याला एकच दिला होता.

आता दुसरी चूक, आणि ही जास्त मोठी. समुद्रकिनाऱ्यावर गेला असाल तर आठवा: ओली वाळू गडद दिसते आणि कोरडी वाळू फिकट. वाळू तीच. पण कणांमधले पाणी जाऊन तिथे हवा आली की प्रकाश जास्त विखुरतो आणि वाळू पांढुरकी दिसते. इनॅमलमध्येही अतिशय बारीक फटी असतात आणि त्यांत पाणी असते. तोंड काही मिनिटे उघडे ठेवले तरी दात सुकू लागतो आणि उजळ दिसू लागतो. मी तर रबर डॅम लावून, वर हवा मारून, मग रंग बघितला होता! तो मुलीच्या दाताचा रंग नव्हता, सुकलेल्या दाताचा होता. घरी गेल्यावर दात पुन्हा ओला झाला, एका दिवसात आपल्या मूळ रंगावर आला. कॉम्पोझिट मात्र जिथल्या तिथे राहिले. 'आधी रंग, मग रबर डॅम' हे आम्हाला पहिल्याच वर्गात शिकवतात. घाईत विसरले.

दुसरा प्रयत्न

नाताळच्या सुट्टीतल्या एका सकाळी दहा वाजता मी त्यांना बोलावले. बाहेर ढग होते. इथल्या ढगाळ हवेबद्दल आपण सगळे कुरकुर करतो, पण दाताचा रंग बघायला असा मऊ, सारखा उजेड फार चांगला. खुर्चीवरचा दिवा बंद केला. मुलीने लालभडक स्कार्फ घातला होता, त्यावर राखाडी कापड टाकले, कारण शेजारी भडक रंग असला की डोळे फसतात. दाताला हातही लावायच्या आधी रंग बघितला. तोही टक लावून नाही. पाच-सात सेकंद बघायचे, मग राखाडी कापडाकडे नजर वळवायची, मग परत. जास्त वेळ बघितले की डोळे त्या रंगाला सरावतात आणि सगळेच जुळते असे वाटू लागते.

अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९०५ साली रंगांवर एक पुस्तक लिहिले. त्याने रंगाचे तीन गुण सांगितले. पहिला रंगाची जात: लाल, पिवळा, निळा. दुसरा उजळपणा. तिसरा दाटपणा. दुधात चिमूटभर हळद घातली तर पिवळा फिका, चमचाभर घातली तर दाट, तसे. समोरच्या दातासाठी यांतला उजळपणा सगळ्यात महत्त्वाचा. जात थोडी चुकली तर चालून जाते. उजळपणा चुकला तर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही ओळखू येतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. शेड गाइडमधला नमुना दाताशेजारी धरून फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. रंग गेला की उजळपणा तेवढा उरतो, आणि फरक असेल तर लगेच दिसतो. बी-१ तिथे चुन्यासारखाच चमकत होता. ए-१ शेजारच्या दातात मिसळून गेला.

पण शेड गाइडवरही पूर्ण विश्वास टाकून चालत नाही. ते नमुने चिनी मातीचे असतात, आणि एका कंपनीचे ए-१ दुसरीच्या ए-१ सारखे असेलच असे नाही. शिवाय निळ्या दिव्याने कॉम्पोझिट कडक केले की त्याचा रंग थोडा बदलतो. म्हणून मी तीन वेगवेगळ्या कॉम्पोझिटचे मुगाच्या दाण्याएवढे गोळे शेजारच्या ओल्या दातावर ठेवले. चिकटवले नाहीत, नुसते ठेवले आणि दिव्याने कडक केले. मग आजींना बोलावले.

"डावीकडचा पांढुरका आहे. हा उजवीकडचा मळकट. मधला ठेवा," आजी म्हणाल्या.

मलाही मधलाच वाटत होता. तरी मुलीला बाहेरच्या ट्यूबलाइटखाली उभी करून पुन्हा बघितले, कारण खिडकीपाशी जुळणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. साडीला ब्लाउजपीस घेताना आपली आई दुकानाच्या दारात येऊन बघते ना, त्याचे कारण हेच. मधला गोळा तिथेही जुळला. तिन्ही गोळे टोकरून काढले.

मग कागदावर शेजारच्या डाव्या दाताचे मोठे चित्र काढले आणि कुठे काय ते लिहिले. वर ए-२, मध्ये ए-१, कडेपाशी निळसर, आत बोटांसारखे तीन फिकट पट्टे, आणि अगदी टोकाला केसाएवढी दुधी रेघ. तो नकाशा.

जुने काम काढून दात साफ केला. यावेळी रबर डॅम लावताना मन शांत होते. साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा लेप पंधरा-वीस सेकंद ठेवून धुतला. त्याने इनॅमल खडबडीत होते आणि कॉम्पोझिट घट्ट धरून बसते. आम्लाची ही कल्पना १९५५ साली रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी मांडली. आजच्या कॉम्पोझिटचे मूळ असलेल्या रेझिनचे राफेल बोवेन यांचे पेटंट १९६२ सालचे. त्याआधी अशा मुलीचा तुटका दात इतका कमी कोरून दुरुस्त होणे अवघड होते.

आता नकाशाप्रमाणे थर. मागे अर्धपारदर्शक कॉम्पोझिटची पातळ भिंत. तिच्यावर डेंटिनसारखे अपारदर्शक कॉम्पोझिट. ते नसते तर तोंडातला अंधार आरपार दिसून दात राखाडी वाटला असता. त्याला टोकाशी तीन बोटांचा आकार दिला आणि बोटांमध्ये निळसर छटा भरली. सगळ्यावर इनॅमलसारखा थर, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. तो जाड झाला की दात पुन्हा राखाडी पडतो. प्रत्येक थराला निळा दिवा. शेवटी घासून चमक आणली, पण आरशासारखा गुळगुळीत केला नाही. तेरा वर्षांच्या दातावर बारीक आडव्या रेषा असतात, त्या कोरल्या. त्या नसत्या तर रंग बरोबर असूनही दात खोटा दिसला असता.

दीड तास लागला. रबर डॅम काढला, आरसा दिला. मुलीने बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, आता हा पिवळा दिसतोय."

दिसत होताच. कॉम्पोझिट पिवळसर आणि भोवतीचा दात पांढुरका. यावेळी दोष कॉम्पोझिटचा नव्हता, दात सुकलेला होता. पण हे मला माहीत होते, तिला नव्हते. पहिल्यांदा मी 'छान दिसतोय' म्हटले होते आणि ते खोटे ठरले होते. आता 'थांब, उद्या छान दिसेल' यावर तिने का विश्वास ठेवावा?

मी तिला ओल्या आणि कोरड्या वाळूची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी खिडकीपाशी बघ. तेव्हाही पिवळा वाटला, तर मी पुन्हा करीन. कितीही वेळा."

ती काही बोलली नाही. हात मात्र परत तोंडावर गेला.

जाताना मी आईला सांगितले की दोन दिवस चहा, कॉफी, हळद टाळा. नव्या कॉम्पोझिटवर हळदीचा डाग पटकन चढतो.

"हळद नाही म्हणजे वरण नाही, भाजी नाही," आजी हिशोब करत म्हणाल्या. "बरं. दोन दिवस दहीभात."

सोमवारी साडेआठला फोन वाजला. आजीच होत्या.

"डॉक्टर, तो दात नेमका कुठला हो? उजवा की डावा? ही सांगत नाहीये. मला म्हणते, तूच शोध. आणि दात काढून नुसती हसतेय."

(सावध! 'दात काढणे' या शब्दांचे दोन अर्थ आहेत. आजींचा कोणता?)

स्वाध्याय

१. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
अ) पहिल्या दिवशी डॉक्टरांना दात खऱ्यापेक्षा जास्त उजळ का दिसला?
आ) कृष्णधवल फोटोचा उपयोग काय झाला?
इ) दुसऱ्या वेळी काम बरोबर झाले होते, तरी मुलीला दात पिवळा का वाटला?
ई) मुलीने डॉक्टरांवर लगेच विश्वास ठेवला नाही. तुम्ही ठेवला असता का?

२. 'पांढरा'चे योग्य रूप लिहा. मग त्याच जागी 'पिवळसर' घालून बघा.
ती ___ साडी. ते ___ कबूतर. माझे ___ बूट. हा ___ शंख. त्या ___ भिंती.

३. ही बोलण्यातली वाक्ये लेखी मराठीत लिहा. नमुना: 'दात पांढरा दिसतोय' = 'दात पांढरा दिसत आहे'.
अ) ही सांगत नाहीये.
आ) नुसती हसतेय.
इ) आता हा पिवळा दिसतोय.

४. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला पाच वस्तू दाखवा: तांदूळ, साखर, लसणाची पाकळी, वहीचा कागद, दही. प्रत्येकीचा पांढरा रंग कसा आहे ते 'पांढरा' शब्द न वापरता सांगायला सांगा. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणा. घरात कोणी मराठी बोलणारे नसेल तर भारतात फोन करा.

५. सुरुवातीला वहीत लिहिलेला शब्द काढा. पुन्हा खिडकीपाशी बसून एकाच दाताचा वरचा, मधला आणि खालचा भाग बघा. आता तीन शब्द लिहा.